बेस्टच्या करारात थांब्यावरची मिनिटंही लिहा

बेस्टवरची चर्चा गेली काही वर्षं एकाच प्रश्नापाशी अडकली आहे: बस कुणाच्या मालकीची असावी? भाडेतत्त्वावरच्या बस, म्हणजे ‘वेट लीज’, बंद करा आणि उपक्रमाचा स्वतःचा ताफा उभा करा, असं कामगार संघटना आणि बरेच प्रवासी म्हणतात. तूट पाहता कंत्राटाशिवाय गत्यंतर नाही, असं पालिकेचं म्हणणं. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात ३३२ क्रमांकाच्या मार्गावरची भाडेतत्त्वावरची बस गर्दीत घुसली, अनेकांचे जीव गेले, आणि या वादाला धार आली. ती येणं रास्तच होतं.

पण लंडनच्या झाडून सगळ्या लाल बस खासगी कंपन्या चालवतात. तिथे निविदा पद्धत १९८५ पासून आहे आणि सरकारी बसकंपन्या १९९४ मध्ये विकल्या गेल्या. तरीही मार्ग, वेळापत्रक, तिकीट आणि बसचा रंग ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ ही सार्वजनिक संस्था ठरवते. तिकिटाचा पैसाही तिच्याकडेच जातो. कंपनीला मिळतात ते बस चालवण्याचे पैसे. बेस्टच्या वेट लीजचा सांगाडाही थेट हाच आहे: बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची, तिकिटाचं उत्पन्न उपक्रमाचं, आणि कंत्राटदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर. सांगाडा एकच असताना एका शहरात बस बऱ्यापैकी नियमित येते आणि दुसऱ्या शहरात माणूस तिची आशा सोडून शेअर रिक्षाकडे वळतो. मला याचं मोठं कारण करारात दिसतं. किलोमीटरचा हिशेब ठेवणाऱ्या करारात थांब्यावरची प्रतीक्षा कुठेच येत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. एका मार्गावर दर १० मिनिटांनी, म्हणजे तासाला सहा बस आहेत. त्या समान अंतराने आल्या तर केव्हाही थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. आता त्याच सहा बस जोडीजोडीने आल्या: २ मिनिटांनी एक, मग १८ मिनिटांनी, पुन्हा २, पुन्हा १८. फेऱ्या तेवढ्याच, किलोमीटर तेवढेच, कंत्राटदाराचं बिलही तेवढंच. पण १८ मिनिटांच्या खंडात जास्त लोक थांब्यावर पोचतात, त्यामुळे सरासरी साधी धरून चालत नाही. प्रत्येक खंडाचा वर्ग करायचा, त्यांची बेरीज करायची आणि तिला एकूण वेळेच्या दुपटीने भागायचं. ९८४ भागिले १२० म्हणजे ८.२ मिनिटं. वेळापत्रकाने ५ मिनिटांचं वचन दिलं होतं, वरची ३.२ मिनिटं प्रवाशाच्या माथी आली. लंडनमध्ये तासाला पाच किंवा जास्त बस असलेल्या प्रत्येक मार्गावर हीच जादा प्रतीक्षा मोजतात आणि तिची सरासरी साधारण एका मिनिटाच्या आसपास असते. कमी फेऱ्यांच्या मार्गावर मोजमाप वेगळं: बस अडीच मिनिटांपेक्षा लवकर निघता कामा नये आणि पाच मिनिटांपेक्षा उशिरा येता कामा नये.

या आकड्याला पैसे जोडलेले आहेत, आणि खरी मेख तिथेच आहे. २००१ पासूनच्या करारांत मार्गागणिक एक किमान दर्जा ठरलेला असतो. त्याहून चांगली सेवा दिली तर कराराच्या रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंत बक्षीस, वाईट दिली तर १० टक्क्यांपर्यंत कपात. करार बरीच वर्षं पाच वर्षांचा असायचा, कामगिरी चांगली असली तर दोन वर्षं वाढवून मिळायची. चालक आला नाही किंवा बस बंद पडली म्हणून फेरी रद्द झाली तर तिचे पैसे मिळत नाहीत. वाहतूक कोंडीमुळे बुडालेल्या फेरीचे मात्र कापत नाहीत, कारण कोंडीवर कंपनीचा इलाज नाही. मुंबईत या शेवटच्या तरतुदीची गरज लंडनहून जास्त आहे. पैसे किलोमीटरवर मिळतात, चालकाचा पगार मात्र वेळेवर द्यावा लागतो. त्यामुळे सायनहून कुर्ल्याकडे रखडणारी बस कंत्राटदाराला तोट्यात नेते, आणि तो तोटा पुढे चालकाच्या पगारावर ढकलला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम बंद केलं, तेव्हा शहराने त्याचा परिणाम भोगला. लंडनमध्ये निविदा एकेका मार्गाची निघते, म्हणून हळू चालणाऱ्या मार्गाचा खर्च बोलीतच धरलेला असतो.

बस जोडीने का येतात, हे नियमित प्रवाशाला ठाऊक असतं. पुढची बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर गर्दी वाढते, चढाउताराला वेळ जातो, ती आणखी मागे पडते. मागची जवळपास रिकामी धावते आणि तिला गाठते. वर ‘वेळ भरून काढ’ असं चालकाला सांगितलं की तो जोरात हाकतो, आणि गोंधळ आणखी वाढतो. लंडनमध्ये नियंत्रण कक्षातून मागच्या बसला थांब्यावर एक-दोन मिनिटं रोखून धरतात आणि तशी घोषणा बसमध्ये होते. आतले प्रवासी वैतागतात, पण पुढच्या दहा थांब्यांवरच्या लोकांचा त्यात फायदा असतो.

कंत्राट म्हणजे मोकळं रान नव्हे, याचा पुरावा इंग्लंडमध्येच आहे. लंडनबाहेरच्या बस १९८६ मध्ये नियंत्रणमुक्त केल्या गेल्या. कंपनीला वाटेल तो मार्ग आणि वाटेल ते भाडं. नफ्याच्या रस्त्यावर बसची रांग आणि संध्याकाळनंतर वस्त्यांना बसच नाही, असा प्रकार गावोगावी झाला. ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने मार्ग आणि भाडं पुन्हा सार्वजनिक ताब्यात घेतलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पूर्ण केलं. बस तिथेही खासगी कंपन्याच चालवतात.

लंडनचं सगळंच घ्यावं असं नाही. मध्य लंडनमध्ये बस फार संथ चालते. चालकांच्या थकव्याबद्दल संघटना वर्षानुवर्षं बोलत आहेत, आणि मार्गाच्या टोकाला शौचालय हवं ही साधी मागणीही बराच काळ रखडली होती. एका बाबतीत तर मुंबई पुढे आहे. लंडनची बरीच आगारं कंपन्यांच्या मालकीची आहेत, त्यामुळे नव्या कंपनीला तिथे शिरकाव करणं कठीण जातं. बेस्टची आगारं बेस्टची आहेत. कंत्राटदार बदलला तरी जागा हातची जात नाही. म्हणूनच आगारांच्या जमिनी व्यापारी विकासाला देताना बस उभ्या करण्याची जागा एक चौरस मीटरनेही कमी होऊ नये, आणि विजेवरच्या बसचं चार्जिंग कंत्राटदार गेल्यावर कुणाकडे राहणार हे करारातच लिहिलेलं असावं.

आता भाडं. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२. चर्चा वाढीभोवतीच फिरली. दुसऱ्या तिकिटाचा मुद्दा मागे पडला. मेट्रो सुरू झाली की लांब मार्ग तोडून स्थानकापर्यंतचे छोटे मार्ग करण्याकडे कल असतो. मार्ग तुटला की प्रवासी दोन बस बदलतो आणि दोनदा किमान भाडं देतो. लंडनमध्ये मार्च २०२३ मध्ये बसचं भाडं १.७५ पाउंड झालं, पण पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे लागत नाहीत. २०१६ मध्ये ही सवलत एकाच बदलासाठी होती, २०१८ पासून कितीही. अट एकच, कार्ड प्रत्येक वेळी तेच असावं. मुंबईत निदान ॲप आणि कार्डधारकांना ही सोय देता येईल, आणि मार्ग तोडण्याआधी ती दिली पाहिजे.

चालकाच्या प्रशिक्षणावर तडजोड नको. ब्रिटनमध्ये व्यावसायिक बसचालकाला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण कायद्याने बंधनकारक आहे, मग मालक कोणीही असो. डिझेलवर हात बसलेल्या चालकाला विजेची बस देताना तिचा प्रवेग आणि ब्रेक अंगवळणी पडायला किती तास हवेत, ते उपक्रमाने ठरवावं आणि ते तास पूर्ण झाल्याशिवाय त्या बसच्या फेरीचे पैसे देऊ नयेत.

या सगळ्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. बेस्टची बस कुठे आहे ते ॲपवर दिसतं, म्हणजे प्रत्येक बस प्रत्येक थांब्यावर केव्हा पोचली याची नोंद कुठेतरी होते आहे. कुर्ला स्थानक ते वांद्रे-कुर्ला संकुल या पट्ट्यातला ३१० आणि तसेच गर्दीचे आणखी नऊ मार्ग निवडा. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळांतली जादा प्रतीक्षा दर तीन महिन्यांनी मार्गवार जाहीर करा, कंत्राटदाराच्या नावासह. स्वतःच्या बसचे आकडेही त्याच तक्त्यात ठेवा. पहिलं वर्ष फक्त मोजा, कपात नको. त्या वर्षात वाहतूक पोलिसांना आणि पालिकेच्या रस्ते विभागाला कळेल की उशीर नेमक्या कोणत्या चौकात होतो. पुढची निविदा निघेल तेव्हा ते आकडे किमान दर्जा म्हणून तिच्यात घाला.