‘लिनक्स टाकलं की आवाज जातो’ : त्या फॉरवर्डला उत्तर

दिवाळीपासून आमच्या भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही ग्रुपात बघा, येऊन गेलेला असतो. मला तो एकाच दिवशी भजनी मंडळाच्या ग्रुपातून आला आणि सासरवाडीच्याही. थोडक्यात मजकूर असा: विंडोज १० बंद झालं म्हणून जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकू नका. त्यात साउंडचा ड्रायव्हरच नसतो. आवाज गेला की साउंड कार्ड उडालं समजा. एक कमांड मारून पल्सऑडिओ (लिनक्समध्ये आवाज सांभाळणारा प्रोग्राम) काढून परत टाका, तरी जमलं नाही तर विंडोज टाका, लगेच आवाज येईल. आणि फुकटच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंगसारखं काम होत नाही ते नाहीच. खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

बेळगावच्या शहापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे, त्यामुळे हा जनहितार्थ मेसेज शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतो. सगळाच खोटा असता तर हसून सोडला असता. अधूनमधून खरं आहे, म्हणून तर लोकांना पटतो.

विंडोजचं म्हणणं खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्याकडच्या घरांत चौथ्या नाहीतर सहाव्या पिढीचे डेस्कटॉप अजून चांगले चालतात. ते भंगारात घालण्यापेक्षा लोक लिनक्स मिंट (लिनक्सचीच एक जात) टाकून घेतात. घोळ सुरू होतो तो इथून पुढे.

“ड्रायव्हरच नसतो.”

ही विंडोजची सवय बोलते. मदरबोर्डच्या खोक्यात सीडी यायची, ती घातल्याशिवाय आवाज यायचा नाही. लिनक्सला सीडी नाही म्हणून ड्रायव्हर नाही, असा हा हिशेब. लिनक्समध्ये ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, कर्नलबरोबरच (सिस्टिमच्या गाभ्याबरोबरच) येतो. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून आवाजाचं काम कर्नलमधला ‘अल्सा’ हा भाग बघतो. २००४ मध्ये इंटेलनं एचडी ऑडिओ आणलं, आणि पुढं जवळजवळ सगळ्याच डेस्कटॉप बोर्डांवर त्याच पद्धतीची चिप बसू लागली. आपल्याकडे ती बहुतेक रियलटेकची असते: एएलसी ६६२, ८८७, ८९७ असे काहीतरी आकडे बारीक अक्षरांत कोरलेले असतात. या सगळ्यांना कर्नलमधला एकच ड्रायव्हर पुरतो.

अपवाद आहेत. नव्या लॅपटॉपांमध्ये इंटेलच्या ऑडिओला वेगळं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) लागतं, ते नसेल तर खरंच शांतता. काही जुन्या महागड्या गेमिंग साउंड कार्डांनीही लोकांना रडवलंय. पण मेसेज बोलतोय जुन्या डेस्कटॉपबद्दल, आणि तिथं हे प्रकरण क्वचित येतं. खात्री पाहिजे तर मिंट आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. हार्ड डिस्कला हात न लावता गाणं वाजलं तर ड्रायव्हर आहे, विषय संपला.

ही बदनामी आली कुठून तेही सांगतो, कारण त्यात माझाही वाटा आहे. एप्रिल २००८ च्या उबुंटू ८.०४ मध्ये (उबुंटू ही लिनक्सचीच दुसरी जात) पल्सऑडिओ आलं तेव्हा ते कच्चं होतं. आवाज अडकायचा, फुटायचा, मधेच जायचा. त्या काळात मीच चार गिऱ्हाइकांना म्हटलेलं, “लिनक्सच्या नादी लागू नका.” त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलं. आता पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आहे. फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका जातीनं ते २०२१ मध्ये घेतलं, मिंटनं २०२४ मध्ये २२ व्या आवृत्तीत. लोकांच्या डोक्यातला अनुभव मात्र २००८ चाच राहिलाय.

“आवाज गेला म्हणजे साउंड कार्ड उडालं.”

नळाला पाणी आलं नाही तर राकसकोपचं धरण फुटलं असं कोणी म्हणत नाही. आधी घरातला कॉक बघतो, मग टाकी, मग शेजाऱ्याला विचारतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र लोक थेट धरणावरच जातात.

मध्यंतरी खानापूरकडचे एक काका आले. शाळेतून निवृत्त झालेले. कॅबिनेट तांदळाच्या पोत्यात बांधून, एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. बसायच्या आधीच म्हणाले, “आवाजच येईना की ओ. नवं कार्ड बसवा, किती होतंय तेवढं सांगा.” मी माझा जुना मॉनिटर आणि दोन डबे स्पीकर जोडले, मशीन चालू केलं. सनई वाजली. काका माझ्याकडं बघतात, मी काकांकडं.

“घरात मशीनला काय जोडताय?”

“मोठा मॉनिटर. दिवाळीत पोरानं आणलाय.”

माझा मॉनिटर जुन्या निळ्या व्हीजीए वायरीचा, त्यांचा एचडीएमआयचा. मी आतून एचडीएमआयवाला काढून लावला आणि सनई बंद. दिवाळीत पोरानं टीव्हीला जोडून सिनेमा बघितला होता. तेव्हा त्यानं साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून एचडीएमआय निवडलं. मिंट ती निवड लक्षात ठेवतं. नवा मॉनिटर जोडला की आवाज इमानेइतबारे त्याच्याकडं जायचा, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवं क्लिक, साउंड सेटिंग्ज, आउटपुट, तिथं एचडीएमआयच्या ऐवजी ॲनालॉग. झालं. मी पैसे घेतले नाहीत, काकांनी चहा पाजला. पोतं मात्र विसरून गेले.

आउटपुट बरोबर असूनही शांतता असेल तर पुढचा कॉक म्हणजे अल्सामिक्सर. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, हा शब्द इंग्रजीत (alsamixer) लिहून एंटर मारला की उभ्या पट्ट्या दिसतात. आधी एफ-६ दाबून खरं कार्ड निवडा, नाहीतर एकच पट्टी दिसते आणि लोक तिच्याशीच झटापट करत बसतात. पट्टीच्या पायाशी ‘एमएम’ दिसलं तर ती वाट बंद आहे. त्या पट्टीवर जाऊन कीबोर्डवरचा एम दाबला की ‘ओओ’ होतं आणि वाट उघडते. मास्टर उघडा आणि फ्रंट बंद, असंही असतं. सगळ्या पट्ट्या बघाव्या लागतात.

त्याच पडद्यावर उजवीकडं सरकत गेलं की ‘ऑटो-म्यूट’ नावाची एक खिट्टी लागते. तिचं काम चांगलं आहे: पुढच्या जॅकमध्ये हेडफोन घातला की मागचे स्पीकर आपोआप बंद. पण जॅक खराब झाला की हीच खिट्टी दावा साधते. वडगावची एक कॉलेजची मुलगी मशीन घेऊन आली. तिचे स्पीकर मेलेले, हेडफोन लागतच नाही. टॉर्च मारून बघितलं तर पुढच्या भोकात जुन्या हेडफोनच्या पिनचं टोक तुटून राहिलेलं, पितळी रंगाचं, ज्वारीच्या दाण्याएवढं. मशीनच्या समजुतीप्रमाणे हेडफोन चोवीस तास लावलेलाच. ऑटो-म्यूट बंद केलं, स्पीकर बोलू लागले. ते टोक काढायला मात्र दुसऱ्या दिवशी अर्धा तास गेला, आणि तेवढंच खरं दुरुस्तीचं काम होतं.

कार्ड खरंच उडालंय का हे ठरवायलाही रीत आहे. टर्मिनलमध्ये ‘एप्ले’ लिहून, जागा सोडून, हायफन आणि बारीक एल (aplay -l). जी यादी येते ती कर्नलला दिसलेल्या कार्डांची. यादीत ॲनालॉग कार्ड असेल तर कार्ड कर्नलला सापडलंय, तेव्हा आधी वाट शोधा. तिथं ते नसेल, बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) ऑनबोर्ड ऑडिओ चालू असेल आणि पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या सिस्टिमलाही ते दिसत नसेल, तर मेसेजचं म्हणणं मान्य. तेव्हाही मदरबोर्ड बदलू नका. दोन-चारशे रुपयांत यूएसबीचा साउंड ॲडॉप्टर मिळतो, लिनक्समध्ये बहुतेक वेळा तो घातल्याघातल्या चालतो.

“कमांड मारून पल्सऑडिओ काढा, परत टाका.”

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. मिंट २२ मध्ये आवाज पाइपवायर चालवतं, आणि जुन्या प्रोग्रामांना पल्सऑडिओ वाटावं असं सोंग त्याचाच एक भाग घेतो. म्हणजे ज्याचं दुखणंच नाही त्याचं ऑपरेशन. वर गंमत अशी की ही पॅकेजं एकमेकांत अडकलेली असतात. एक उपटलं तर डेस्कटॉपचे तुकडेही बरोबर निघू शकतात. टर्मिनल तसं आधी सांगतं, काय काय काढणार याची यादी दाखवून विचारतं. पण यादी वाचतो कोण? निपाणीच्या एका पोरानं रात्री ‘वाय’, म्हणजे ‘हो’, दाबला, सकाळी काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव-पासवर्ड विचारणारी एक ओळ. त्याचा मूळ त्रास काय होता? ब्राउझरच्या टॅबवरच म्यूट होतं.

आवाजाची सेवा अडकली असेल तर काढून टाकायची गरज नसते, झोपेतून उठवायचं असतं. टर्मिनलमध्ये सिस्टिमसीटीएल या कमांडला ‘यूजर’ हा पर्याय देऊन पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि त्यांचा सोबती वायरप्लंबर या तिघांना रीस्टार्ट करायचं (systemctl --user restart pipewire pipewire-pulse wireplumber). पुढं सुडो (सगळे अधिकार देणारा शब्द) लावू नका, या सेवा तुमच्या स्वतःच्या खात्यात चालतात. दोन सेकंदांचं काम. कमांड आठवत नसेल तर लॉगआउट होऊन परत आत या, साधारण तेच होतं.

“विंडोज टाका, लगेच आवाज येईल.”

येईलही. एचडीएमआय-ॲनालॉगचा घोळ असेल तर नव्या सिस्टिममध्ये ती निवड कोरी होते, म्हणून येईल. मिंट पुसून परत मिंट टाकलं तरी येईल! फोटो, हिशेब, पोरांचे प्रोजेक्ट मात्र जातील.

उलटा प्रकारही आहे. एका मशीनवर दोन्ही ठेवणाऱ्यांना विंडोजमधून रीस्टार्ट करून मिंटमध्ये आलं की कधीकधी आवाज नसतो. काही बोर्डांवर विंडोज त्या चिपला अशा अवस्थेत सोडून जातं की दुसऱ्याला ती जागी करता येत नाही. मशीन पूर्ण बंद करा, वायर काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करून ठेवा, कारण त्यात शटडाउन म्हटलं तरी मशीन अर्धवटच झोपलेलं असतं.

“फुकटच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग होत नाही.”

हे वाक्य लिहिणाऱ्यानं बेळगावच्या शिवजयंतीची मिरवणूक बघितलेली नसावी. वैशाखात चित्ररथ निघतात, त्यावर सजीव देखावे, आणि त्या देखाव्यांचे संवाद आधी रेकॉर्ड करून ठेवलेले असतात. आमच्या गल्लीतली पोरं ते काम ऑडॅसिटीवर करतात, जुन्या डेस्कटॉपवर, मिंटमध्ये. ऑडॅसिटी फुकट आणि ओपन सोर्स आहे, विंडोजवरही तेच चालतं. अफजलखानाचा आवाज गल्लीतला दूधवाला देतो. त्याला एकदाच घ्यावं लागतं, जिजाऊंना दहा वेळा.

अडचणी येतात, नाही असं नाही, पण त्या लिनक्सच्या नसतात. पोरांचा माइक खरखरत होता. अल्सामिक्सरमध्ये एफ-४ दाबून आत येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्या बघितल्या, तर माइक बूस्ट तीस डेसिबलला भिडलेला. दहावर आणला आणि माइक तोंडाजवळ धरायला लावला, खरखर बसली. मग घुंऽऽ असा बारीक सूर राहिला. तो वायरिंगचा होता: ॲम्प्लिफायर एका खोलीतल्या बोर्डावर, कॉम्प्युटर दुसऱ्या. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले आणि सूर गेला. ब्लूटूथ हेडसेटवर रेकॉर्ड करायला गेलात तर ऐकू येणारं गाणं टेलिफोनसारखं होतं, कारण माइक चालू झाला की हेडसेट उत्तम आवाजाचा मोड सोडून बोलण्याच्या मोडमध्ये जातो. तिथं वायरीचा माइक घ्या, वाद नको.

ग्रुपवर विचारायचंच असेल तर नुसतं ‘आवाज येईना’ लिहू नका. साउंड सेटिंग्जमधल्या आउटपुटचा एक फोटो, एफ-६ नं कार्ड निवडलेल्या अल्सामिक्सरचा एक, आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा एक, वायर कुठल्या रंगाच्या भोकात आहे ते दिसेल असा. स्पीकरचं भोक हिरवं, माइकचं गुलाबी. गेल्या आठवड्यात आलेल्या तिसऱ्या फोटोत स्पीकरची वायर निळ्यात होती, त्यामुळे पहिले दोन बघायची वेळच आली नाही.