औटघटकेचा बाप

"शंभरदा सांगितलंय तुला, घरी आल्यावर डबा दप्तरातून काढून मोरीत ठेवत जा म्हणून!"

हे वाक्य माझं नाही, वारशाने आलंय. आईने मला ऐकवलं, तिला तिच्या आईने. तीन पिढ्यांत कुणी उलट प्रश्न विचारला नव्हता. चौथीतल्या आमच्या कन्येने विचारला.

"शंभरदा? कधीपासून मोजतोयस, बाबा?"

मी गप्प. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने एक उभी रेघ मारली. "चल, आजपासून मोजू."

तेव्हापासून घरात तोंड उघडायची चोरी. ऑफिसातून आलो, म्हटलं, "ट्रॅफिकने जीव गेला माझा." तर, "मग बोलतोयस कसा?" मंडईत अख्खी दुनिया लोटली होती म्हटलं, तर आजीकडे बोट. "ही तर इथेच होती." या घरात माझ्या शब्दाला काडीचीही किंमत नाही, असं चिडून म्हणालो, तर बाईसाहेबांनी काडेपेटी ओट्यावर उपडी केली. दोन रुपयांची पेटी, पन्नास काड्या. "म्हणजे चार पैसेपण नाही?"

मला सतराशे साठ कामं आहेत, म्हणून सटकायला गेलो तर कागद पुढे आला. लिही. सात निघाली, त्यात एक दाढी. मैलात सतराशे साठ यार्ड असतात एवढंच मला आठवत होतं, पण त्याचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता.

आजीने तर तिला दारूगोळाच पुरवला. आजी पावकी-निमकी घोकलेल्या पिढीतली. औट म्हणजे साडेतीन, घटका म्हणजे चोवीस मिनिटं, हे तिने नातीला शिकवलं. नातीने गुणाकार केला: औटघटकेचं राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचं. वीस षटकांचा एक डाव जेमतेम उरकेल. रविवारी "घटकाभर पडतो" म्हणून सोफ्यावर आडवा झालो, तर बरोबर चोविसाव्या मिनिटाला मला हलवून उठवण्यात आलं.

खरं तर आपली भाषाच दुतोंडी. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, प्रत्येकाला वेगळं नाव. पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीनच मोजले, चार म्हणून सोडून दिले नाहीत. आणि तेच आपण गेल्या मंगळवारी भेटलेल्या माणसाला मिठी मारून म्हणतो, "अरे, किती वर्षांनी!" दमडीच्या तेलाचा ओघळ वेशीपर्यंत गेला आणि त्यात उंट पोहून गेला, हे अतिशयोक्तीचं उदाहरण लिहून मी शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. घरी त्याच अलंकाराबद्दल रोज झडती.

शेवटी सुधारायचं ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी दप्तर कोपऱ्यात पडलेलं पाहिलं, कॅलेंडरवरच्या दोन रेघा मोजल्या, आवाज शक्य तितका सपाट ठेवला आणि म्हणालो, "डबा काढून ठेव. हे मी तुला तिसऱ्यांदा सांगतोय."

तिने कॅलेंडर पाहिलं. आकडा पटला. शांतपणे तिसरी रेघ मारली.

"मग अजून सत्त्याण्णव बाकी आहेत," म्हणाली आणि खेळायला गेली.

रविवारी रात्री डबा मीच काढला. भेंडीची भाजी होती. वास अख्ख्या गल्लीत... स्वयंपाकघरात आणि अर्ध्या पॅसेजपर्यंत आला.