ईएलसीबी पडली, संशय मिक्सरवर

पावसाळ्यात लाइट गेली की आमच्या घरी सगळे आधी खिडकीतून बाहेर बघतात. समोरच्या बिल्डिंगमध्येही अंधार असेल तर हायसं वाटतं. दुःख सार्वजनिक आहे. समोर टीव्ही चालू दिसला, की मात्र सगळे वळून माझ्याकडे बघतात. वीजशास्त्रात माझी पात्रता एवढीच, की स्टूल न घेता दाराजवळच्या डीबीपर्यंत, म्हणजे मेन बटणांच्या पेटीपर्यंत, हात पोचणारा घरात मी एकटा आहे.

यंदा जुलैत आईनं खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली आणि घर काळोखात गेलं. डीबी उघडली. सगळ्या एमसीबी, म्हणजे एकेका लाइनीची आपोआप पडणारी बटणं, ताठ उभ्या. त्यांच्या शेजारची ती रुंद ईएलसीबी, करंट मातीकडे गळला की अख्ख्या घराची वीज तोडणारी, तेवढी खाली पडलेली. वर केली, राहिली. मिक्सर लावला, पडली. खटला तिथेच निकाली निघाला. मिक्सर पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं तो माझ्यासमोर बराच वेळ गरगरवला, "काही झालेलं नाही याला" म्हणाला, आणि तरीही कार्बन बदलून पैसे घेतले.

मिक्सर घरी आल्यावर त्याच संध्याकाळी बायकोनं इस्त्री लावली आणि ईएलसीबी पडली. आता इस्त्री आरोपी. दुसऱ्या दिवशी पहाटे गिझर. माझ्या अंगाला साबण लागलेला असताना बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, तुमचा हात पोचतो ना, जरा बघता का?"

एमसीबी आणि ईएलसीबी शेजारी शेजारी राहतात, पण दोघींचे स्वभाव वेगळे. एमसीबी फक्त किती करंट जातोय ते बघते. २,००० वॉटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो, तिची ना नसते. मर्यादेबाहेर गेलं किंवा शॉर्ट झालं तरच ती पडते. ईएलसीबी भिशीच्या खजिनदारासारखी आहे. फेजमधून जेवढं गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं पाहिजे. ३० मिलीअँपिअरच्या आसपास तूट दिसली, की ती क्षणात दुकान बंद करते. ९ वॉटचा एलईडी बल्बसुद्धा याहून जास्त करंट खातो. एवढ्याशासाठी अख्खं घर अंधारात घालणं आईला मुळीच पटत नाही.

"आमच्या वेळी असलं काही पडत नव्हतं," ती म्हणते. खरंच नव्हतं. तेव्हा चिनीमातीचे किटकॅट फ्यूज होते. फ्यूज उडाला की बाबा मेणबत्तीच्या उजेडात तार घालायचे, आणि सारखा उडायला लागला की जाड तार घालायचे. मग फ्यूज उडायचा थांबायचा आणि भिंतीतल्या वायरी जळायच्या. आणि करंट मातीकडे निघालाय, हे सांगणारं तेव्हा घरात काहीच नव्हतं. बटण पडायचं नाही, हात लावणारा पडायचा.

फॉल्ट शोधायची एक पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. सगळ्या एमसीबी खाली पाडायच्या, ईएलसीबी वर करायची, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. जिच्यापाशी पडेल तिथे चोर. मी हे अगदी गंभीरपणे केलं. सगळ्या वर गेल्या, पडलं कुणीच नाही. किचन बंद ठेवून गिझर लावला, पडली. गिझर बंद ठेवून किचनमध्ये मिक्सर लावला, पडली. त्यातून बिल्डरच्या वायरमननं लावलेली लेबलं. 'स्पेअर' असं लिहिलेल्या एमसीबीवर आमचा फ्रिज चालतो, आणि 'फ्रिज' लिहिलेलीवर काय चालतं ते इतकी वर्षं राहूनही कळलेलं नाही. ती पाडली की कुणाची तक्रार येत नाही.

शेजाऱ्यांचं मत पाऊस. पाऊस हा आपल्याकडचा सर्वांत सोयीचा आरोपी. त्याला कोर्टात आणता येत नाही. वरच्या मजल्यावरचे काका आपली गाडी स्वतः दुरुस्त करतात, त्यामुळे विजेतलं त्यांना जरा जास्त कळतं. गाडीत खरोखरच सगळं सुटसुटीत असतं. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. फ्यूज रंगानं ओळखायचे: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. उपसून उजेडात धरला की आतली तार तुटलेली दिसते. हॉर्नच्या रिलेवर, म्हणजे त्याला करंट जोडणाऱ्या स्विचवर, संशय आला तर शेजारचा तसाच रिले काढून तिथे लावायचा आणि हॉर्न वाजवून बघायचा. घरात मी गिझरच्या जागी शेजारचा गिझर लावून बघू शकत नाही. वायरमन आला तेव्हाही काका जिन्यात उभे होते.

वायरमन आला सकाळी अकराला. तेव्हा घरात एक पंखा आणि एक दिवा. ईएलसीबी टिच्चून उभी. आजारी मूल दवाखान्याच्या दारात खेळायला लागावं, तसं काहीसं म्हणणार होतो, पण त्यानं बोलूच दिलं नाही. डीबीचं झाकण काढलं आणि आत बघून म्हणाला, "हे कुणी केलंय?" प्रत्येक वायरमनचं पहिलं वाक्य हेच असतं. याच्यानंतर येणारा याच्याबद्दलही हेच विचारील.

मी मिक्सर, इस्त्री, गिझर अशी आरोपींची यादी सांगितली. त्यानं ऐकून फक्त एक शब्द उच्चारला, "न्यूट्रल." मग मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीवरच्या, काळ्या वायरी एकेक सोडवल्या आणि मीटरची एक पिन हिरव्या अर्थिंगला, दुसरी काळीला, असं करत गेला. एका वायरीवर मीटर कुईं करून ओरडला. बेडरूमची वायर. बेडरूममध्ये ना मिक्सर, ना गिझर!

"काका," तो मला म्हणाला, "काळी आणि हिरवी कुठेतरी चिकटल्यात. परत येणारा करंट दोन वाटांनी जातोय. दिवे-पंखे असले तर आडवाटेला थोडाच जातो, जड लोड लावला की वाढतो. मग तो लोड कुठल्या का खोलीत असेना."

"पण मी बेडरूमची एमसीबी पाडून बघितली होती."

"ती फेज तोडते. न्यूट्रल तसाच राहतो."

जिन्यातून काकांनी हरकत घेतली. "अरे, गाडीत निगेटिव्ह सगळा बॉडीलाच जोडलेला असतो. लागला तर लागला, काय बिघडतं?" वायरमननं मान वळवली नाही. "मग गाडीतच राहा, काका," असं तो पुटपुटला, पण काकांना ते ऐकू गेलं नसावं. ते नंतर अर्धा तास तिथेच होते.

बेडरूमचे बोर्ड उघडत उघडत तो पलंगामागच्या बोर्डाशी पोचला. प्लेट काढली. भिंतीतली लोखंडी पेटी, तिला अर्थिंग जोडलेलं, आणि प्लेटचा लांब स्क्रू काळ्या वायरीच्या अंगातून आरपार जाऊन पेटीत घट्ट बसलेला. मे महिन्यात रंगकाम झालं तेव्हा सगळ्या प्लेटा काढून पुन्हा बसवल्या होत्या. वायरीचा तेवढा तुकडा कापून नवा जोड दिला, तो मागे सारला, आखूड स्क्रू लावला. मग गिझर, इस्त्री आणि मिक्सर एकदम चालू केले. ईएलसीबी हलली नाही. मिक्सरची निर्दोष सुटका झाली. कार्बनचे पैसे मात्र परत मिळत नाहीत.

मला राहवेना. रंगाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर.

"काका, आमची काय चूक?" तो म्हणाला. "प्लेट हलता कामा नये, स्क्रू चांगले आवळून बसवा, हे आजींनीच मागे उभं राहून सांगितलं होतं."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. तिनं चटणीचं भांडं मिक्सरवर बसवलं आणि झाकण दाबलं.

"मग काय ढिले ठेवायला सांगायचं होतं?"