वरून काळी, खाली पांढरी

‘काळी कसदार जमीन असली की मोसंबीला दुसरं काही बघावं लागत नाही’, जालना जिल्ह्याच्या मातीवरचा एक लेख वाचताना त्यातल्या ह्या एका वाक्यावर अडखळलो. बघावं लागतं हो! आमचं रान अंबड तालुक्यात. वरची दीड फूट माती काळीभोर. परीक्षणाला नमुना दिला तोही वरच्या २० सेंटीमीटरचा, त्यामुळे अहवाल झकास. खाली चुनखडीचा थर आहे हे कळेपर्यंत झाडं चार वर्षांची झाली होती. नवती (नवी पालवी) पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह जमिनीत असतं, पण चुन्यामुळे मातीचा सामू (pH) ८ च्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट) मातीतून दिलं ते वायाच गेलं. फवारलं की काही दिवस बाग हिरवी दिसते, पुढची नवती फुटली की परत तेच.

फळबाग लावायची तर तीन फूट खड्डा घेऊन प्रत्येक थराचा नमुना वेगळा द्या. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर निघाला तर मोसंबीचा नाद सोडा. (खालच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि ते फसफसलं, तरी अंदाज येतो.) लेखात वाफशाबद्दल (मशागतीजोगी ओल येईपर्यंत थांबण्याबद्दल) लिहिलंय ते मात्र अगदी खरं, ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला की वर्षभर ढेकळं फोडत बसा. आम्ही शेवटी बाग काढली. त्याच रानात आता कपाशी आणि तूर चांगली येते.