सोलापुरात काय नेसावे: काही नम्र सूचना

सोलापुरात राहून स्वतःच्या आवडीचे कपडे घालण्याचा विचार आपल्या मनात आला असेल, तर घराबाहेर पडण्यापूर्वी सोसायटीच्या कट्ट्यावर बसलेल्या परीक्षक मंडळाची मंजुरी घेणे श्रेयस्कर ठरेल.

चाळिशी उलटलेल्या स्त्रीने गुलाबी रंग कुंडीतल्या फुलांपुरता राखून ठेवावा.

आजोबांच्या कानातली भिकबाळी ही परंपरा असते आणि नातवाच्या कानातली बाळी हे थेर असतात, हा फरक पाठच करावा.

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला, तरी लग्नाला जाताना जरीचेच नेसावे. मी हा नियम गेल्या आठवड्यात मोडला आणि रेशमी काठांची, लाल पदराची सुती इरकल नेसून एका मंगल कार्यालयात गेले. दाराशी गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलीने मला पाहून हात आखडता घेतला, हे मी उन्हाच्या खात्यावर टाकले. मात्र यजमानांकडील एक शालूधारी बाई भोजनकक्षातून तरातरा आल्या आणि सर्वांसमक्ष म्हणाल्या, "ए मावशी, पाहुण्यांत काय उभी राहतेस? आत ताटं विसळायची पडलीत, शेंगाचटणीही संपलीय." मी वधूची शिक्षिका असल्याचे कोणीतरी सांगताच त्याच तोंडातून "अगंबाई, मॅडम, तुम्ही! या ना, बसा ना!" असे मधाचे पाट वाहू लागले. पुढे अर्धा तास त्या माझ्या ताटात जिलेबी वाढीत होत्या.

तेव्हा वाचकहो, गळ्यात ओळखपत्र घालून लग्नाला जावे. टोपीवरून माणूस पारखण्याची विद्या सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉमध्ये, म्हणजे लष्करी कायद्यात, गांधी टोपीवर डोळा ठेवणाऱ्या इंग्रज सरकारला अवगत होती; तिचा वारसा आपण मोठ्या निष्ठेने जपला आहे. १८७७ साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी उभी राहिल्यापासून कापडावर जगत आलेल्या या शहरात कापडाची किंमत कळते, ते अंगावर घालणाऱ्याची कळत नाही, एवढेच काय ते दुखणे.

आणि आता उपरोध पुरे. मला स्वयंपाकघरातली बाई समजलात, याचा मला मुळीच राग नाही. माझ्या आईने अशीच इरकल नेसून आयुष्यभर विड्या वळल्या. राग आहे तो त्या "ए"चा. मॅडमला "या ना, बसा ना" आणि ताटे विसळणारीला "ए", हे ज्या जिभेला जमते, तिला शालू नेसवून काय उपयोग? संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांच्या उंच काठ्यांपुढे पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक चालतात, तेव्हा त्यांतला कारखानदार कोण आणि मागावर राबणारा कोण, हे न ओळखता तुम्ही साऱ्यांनाच हात जोडता. मग मे महिन्यात त्या हातांना काय होते? आत विसळायला बसलेल्या त्या खऱ्या मावशींना निदान पाणी तरी विचारले होते का, बाई? मी विचारले. त्या सकाळपासून उपाशी होत्या.