‘मेडिक्लेम आहे, मग बायपास फुकट’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

‘पाच लाखांचा मेडिक्लेम किंवा आयुष्मान कार्ड असलं की बायपासला खिशातून एक रुपया जात नाही. पेशंटला चांगली खोली घ्या, जास्तीत जास्त भाड्याचा फरक भरावा लागेल. कॅशलेस आहे, डिपॉझिट भरू नका. फॉर्मवर बीपी-शुगर लिहू नका, पाच वर्षांनी कंपनी काही करू शकत नाही.’ अशा अर्थाचा मेसेज घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण यावर विसंबून लोक ॲडमिशनच्या खिडकीपाशी जे ठरवतात, त्याचा फटका लाखाच्या घरात बसतो. म्हणून एकेक दावा तपासू.

सर्वांत महाग पडणारा दावा खोलीचा. अनेक पॉलिसींमध्ये खोलीभाड्याला मर्यादा असते, बहुधा विमा रकमेच्या एक टक्का. म्हणजे पाच लाखांच्या पॉलिसीला रोज 5,000 रुपये. तुम्ही 10,000 ची खोली घेतलीत तर कंपनी फक्त भाड्याचा फरक कापून थांबत नाही. खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलणारे बाकीचे खर्चही, म्हणजे सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ती त्याच प्रमाणात कापते.

हिशेब मांडून पाहू. समजा बायपासचं बिल 4,20,000 आलं. त्यात 10,000 च्या खोलीचे पाच दिवस 50,000; सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग मिळून 2,00,000; आयसीयू 50,000, मर्यादेच्या आत; औषधं आणि तपासण्या 1,00,000; आणि विम्यात न बसणाऱ्या वस्तू 20,000. भाड्यातले 25,000 गेले. दोन लाखांचे निम्मे, म्हणजे 1,00,000 गेले. न बसणारे 20,000 गेले. उरले 2,75,000. पेशंट ज्येष्ठ नागरिक असेल आणि पॉलिसीत दहा टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा, असेल, तर त्यातले आणखी 27,500 तुमचे. एकूण खिशातून 1,72,500, आणि पाच लाखांच्या विम्यातली निम्मी रक्कम तशीच पडून. बाकीचं बिल तेच धरून 5,000 ची खोली घेतली असती, तर खिशातून 57,500 गेले असते. प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा पडतो, कारण खालच्या वर्गाच्या खोलीला बऱ्याच हॉस्पिटलांत सर्जन आणि थिएटरचे दरच कमी असतात.

इथे पेशंटच्या बाजूचा एक नियम आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2020 मध्ये स्पष्ट केलं की ही प्रमाणातली कपात औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकून द्यायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्यांवर करता येत नाही. आयसीयूच्या आकारावरही नाही. आणि जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, अशा हॉस्पिटलात ती मुळी लावताच येत नाही. सेटलमेंटचं पत्र आलं की कपातीचा रकाना याच्याशी ताडून पाहा. स्टेंट किंवा व्हॉल्व्हच्या किमतीवर टक्केवारी लावलेली दिसली, तर लेखी हरकत घ्या.

विम्यात न बसणाऱ्या वस्तूंची 68 बाबींची यादी आहे. बायपासच्या पेशंटला त्यातलं बरंच काही लागतंच. ईसीजीचे इलेक्ट्रोड, हातमोजे, पायाची शीर काढतात तिथे गुंडाळायचं क्रेप बँडेज, फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून हातात देतात ते तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, रक्तदात्यांच्या नमुन्यांचं क्रॉस मॅचिंग. एकेक रक्कम किरकोळ, बेरीज किरकोळ नसते. काही कंपन्या थोडा जादा हप्ता घेऊन कन्झ्युमेबल्सचं संरक्षण देतात. हृदयविकाराचा इतिहास असलेल्या घराने ते घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

डिपॉझिटचं काय? कॅशलेसची, म्हणजे कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला चुकवण्याची, पहिली मंजुरी बहुधा अंदाजाच्या काही भागापुरतीच येते. उरलेल्याची आणि न बसणाऱ्या वस्तूंची हमी म्हणून हॉस्पिटल अनामत मागतं. ती भरण्यावरून काउंटरवर भांडून ऑपरेशन लांबवणं धोक्याचं आहे. पावती घ्या आणि अंतिम मंजुरीनंतर हिशेब मागा. मे 2024 च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. तीन तासांपलीकडे उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापोटी जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, मंजुरीची वाट बघत संध्याकाळ झाली आणि आणखी एका दिवसाचं भाडं लागलं, तर हे परिपत्रक दाखवा.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. ॲडमिट होण्याआधीच्या काळातली, त्याच आजारासाठी केलेली अँजिओग्राफी आणि डिस्चार्जनंतरची औषधं बहुतेक पॉलिसींमध्ये परत मिळतात. साधारणपणे आधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस. कॅशलेस पेशंटलाही हा वेगळा क्लेम करता येतो. मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

बीपी-शुगर लपवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. 2024 पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो, जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असेल तर माहिती दिली नाही या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हेही खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण उरत नाही, आणि जाणूनबुजून लपवलेला आजार तिथेच नेऊन पोहोचवतो. शिवाय हृदयविकाराचा झटका पाच वर्षं थांबून येत नाही. डिस्चार्ज समरीवर ‘दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब’ असं लिहिलेलं असतं. दुसऱ्याच वर्षी ॲडमिट झालात तर ती एक ओळ क्लेम फेटाळायला पुरेशी होते.

सरकारी कार्डाच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि बायपास तिच्यात बसते. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं कार्ड मिळतं. योजनेतून ऑपरेशन झालं तर खरोखरच पैसे लागत नाहीत, जेवणही त्यात येतं. पण हे कुठल्याही हॉस्पिटलात होत नाही. हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं, तेही हृदयशस्त्रक्रियेसाठी. यादीबाहेर पैसे भरून नंतर योजनेकडे मागता येत नाहीत. म्हणून भरती होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाला, गाठा.

यादीत नसलेलं मोठं हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर तिथे दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. निर्धनांना मोफत, दुर्बलांना सवलतीत. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी जा. बिल झाल्यावर गेलात तर फार उशीर झालेला असतो.

आणि कंपनीने क्लेम कापला किंवा नाकारला की विषय संपला, हा समजही सोडून द्या. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. फक्त कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.