‘गाजलेला’ खटलाच का दाखवायचा?

एखाद्या गाजलेल्या खटल्याची तारीख जवळ आली की हा खटला टीव्हीवर थेट दाखवा म्हणणारा एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. न्यायालय सर्वांसाठी खुलं असतं, मग कॅमेऱ्यालाच बंदी का? कॅमेरा असला तर साक्षीदार खोटं बोलायला धजणार नाही. लोक सगळं स्वतःच बघतील, मग चॅनेलांना मीठमसाला लावता येणार नाही. न्यायाधीशावर दबाव येणार नाही. सगळ्या पुढारलेल्या देशांत दाखवतात. आणि शेवटी ठसक्यात: ज्याला कॅमेरा नको, त्याला काहीतरी लपवायचंय.

हे शेवटचं वाक्य आधी निकालात काढू, कारण त्याला टाळ्या जास्त आणि वजन कमी. हो, लपवायचं असतं. खून डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला आपला चेहरा लपवायचा असतो, कारण आरोपीचे भाऊबंद बाहेर मोकळे फिरत असतात. अत्याचार झालेल्या बाईला आपलं नाव लपवायचं असतं. यात काळंबेरं काय आहे?

आता खुल्या न्यायालयाचा मुद्दा. तो खरा आहे, आणि म्हणूनच नीट पाहायला हवा. बेंथम नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाचं म्हणणं या संदर्भात नेहमी सांगितलं जातं: प्रसिद्धी हा न्यायाचा प्राण आहे, कारण न्यायाधीश न्याय करत असताना त्याचीही परीक्षा चालू असते. हे मला शंभर टक्के मान्य. पण बेंथम १८३२ साली वारले. त्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते उघडं दार आणि बाकावर बसलेली माणसं. ती माणसं न्यायाधीशाला दिसतात. मागच्या रांगेतून कोणी साक्षीदाराला खाणाखुणा करू लागला तर त्याला बाहेर काढता येतं. कॅमेऱ्यापलीकडचा प्रेक्षक कोणालाच दिसत नाही, आणि तो न्यायाधीशाकडे बघतही नसतो. न्यायाधीश बहुतेक वेळ ऐकत असतो, लिहून घेत असतो. पडद्यावर चालतात ते साक्षीदाराचे अश्रू, आरोपीचा चेहरा आणि वकिलाचा चढलेला आवाज. म्हणजे परीक्षा व्हायची ज्याची, तो चौकटीबाहेर. आणि जो नाइलाजाने समन्स घेऊन आला, तो चौकटीच्या मधोमध.

बेंथमचं म्हणणं कॅमेऱ्याने पाळायचंच असेल तर तेही करता येतं. इंग्लंडमध्ये न्यायालयात छायाचित्रं काढायला १९२५ पासून कायद्याने बंदी आहे. तिथल्या क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात त्या न्यायालयात, जुलै २०२२ मध्ये पहिल्यांदा फौजदारी खटल्यातली शिक्षा सुनावताना चित्रीकरण झालं. कॅमेरा फक्त न्यायाधीशावर. आरोपी नाही, साक्षीदार नाही, पीडिताचे नातेवाईक नाहीत. शिक्षा का दिली हे न्यायाधीशाने लोकांना तोंडावर सांगायचं, एवढंच.

(जाता जाता: ‘इन-कॅमेरा सुनावणी’ म्हणजे कॅमेऱ्यासमोरची नव्हे, बंद खोलीतली. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र ‘इन-कॅमेरा शवविच्छेदन’ म्हणजे चित्रीकरण करून केलेलं. एकाच शब्दाने दार लावायचं आणि उघडायचंही, म्हणून गोंधळ होतो.)

साक्षीदार खोटं बोलणार नाही, हा मुद्दा मला सगळ्यात उलटा वाटतो. साक्ष कशी घेतात हे एकदा पाहिलेल्या माणसाने तो लिहिला नसता. पुढच्या साक्षीदाराला बाहेर थांबवतात. का? आधीच्याने काय सांगितलं, उलटतपासणीत तो कुठे अडखळला, हे त्याला कळू नये म्हणून. दोघांनी वेगवेगळं राहून तीच गोष्ट सांगितली तर तिला किंमत. खोटं पकडायची ही फार जुनी आणि साधी युक्ती आहे. तिला कॅमेऱ्याने बगल मिळते, कारण बाहेर बसवलेल्या माणसाच्या खिशात तीच साक्ष चालू असते.

हे कल्पनेतलं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स इथे जॉनी डेप आणि अँबर हर्ड या हॉलिवूडमधल्या घटस्फोटित जोडप्याचा बदनामीचा खटला चालला. हर्ड यांच्या वकिलांनी कॅमेऱ्याला विरोध केला, न्यायाधीशांनी परवानगी दिली. सुनावणीच्या पहिल्याच आठवड्यात डेप यांच्या बाजूची एक साक्षीदार उलटतपासणीत सांगून बसली की आपण या खटल्याच्या क्लिप ऑनलाइन पाहिल्या आहेत. तिची साक्ष तिथल्या तिथे रद्द झाली. ती प्रामाणिक होती म्हणून कळलं. गप्प राहिली असती तर?

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. २०१४ मध्ये धावपटू ऑस्कर पिस्टोरियसवरच्या खुनाच्या खटल्याचं प्रक्षेपण करायला न्यायालयाने परवानगी दिली, तीही भरपूर विचार करून: आवाज सगळ्यांचा, चित्र मात्र आरोपीचं आणि त्याच्या साक्षीदारांचं साक्ष देताना नाही, ज्याला नको त्याचा चेहरा दाखवायचा नाही. चांगली रचना होती. तरीही चित्र दाखवू नका म्हणणाऱ्या एका महिला साक्षीदाराचा फोटो एका वाहिनीने दुसऱ्याच दिवशी दाखवला आणि न्यायाधीशांना वाहिन्यांना तंबी द्यावी लागली. दुसऱ्या एका साक्षीदाराचा फोन नंबर थेट प्रक्षेपणात वाचला गेला आणि त्याला अनोळखी लोकांचे फोन सुरू झाले. त्याचा गुन्हा इतकाच की रात्री शेजारून आलेले आवाज त्याने ऐकले होते आणि ते सांगायला तो आला होता. पुढच्या वेळी आवाज ऐकणारा माणूस खिडकी लावून घेईल, अशी भीती मला वाटते. साक्षीदार फितूर का होतात, पुढे का येत नाहीत, याची ओरड आपण करतो आणि उपाय म्हणून त्यांना आणखी उजेडात उभं करायला सांगतो.

‘लोक सगळं स्वतःच बघतील’ हेही तपासू. महिनोन्‌महिने चालणारा खटला रोज सहा तास बघणार कोण? बघायचे ते तुकडे. अमेरिकेत ज्या निकालाने राज्यांना कॅमेरे लावायची मुभा पक्की झाली, तो १९८१ चा ‘चँडलर विरुद्ध फ्लोरिडा’. म्हणजे कॅमेरा समर्थकांचा हुकमाचा एक्का. त्या खटल्यात मायामी बीचचे दोन पोलीस घरफोडीच्या आरोपाखाली उभे होते. चित्रीकरणातलं प्रत्यक्ष टीव्हीवर किती दाखवलं गेलं? २ मिनिटं ५५ सेकंद. आणि ते सगळं फिर्यादी पक्षाचं. बचावाचा एक शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाने तरीही शिक्षा कायम ठेवली, कारण त्यामुळे ज्युरीवर, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळावर, परिणाम झाल्याचं सिद्ध झालं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण हीच ती ‘मीठमसाला नसलेली’ बातमी का? आता तर निवड संपादकही करत नाही. डेप-हर्ड खटल्यात साक्षीचे दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे गाण्यांवर लावून, नकला करून फिरले. त्यात घरगुती अत्याचाराच्या आरोपांवरची साक्षही होती. ज्युरीला वेगळं ठेवलं नव्हतं. ते रोज घरी जात होते, मध्ये आठवड्याहून मोठा खंडही पडला. ‘याविषयी काही वाचू-बघू नका’ एवढी सूचना आणि त्यांच्या मनोनिग्रहावर भरवसा.

याच जोडप्याच्या नात्यावरून २०२० मध्ये लंडनमध्ये एका वृत्तपत्राविरुद्ध खटला झाला होता. तिथे कॅमेरा नव्हता, ज्युरीही नव्हती. न्यायाधीशांनी घटना एकेक करून तपासल्या आणि सविस्तर कारणांसह निकाल दिला. तो डेप यांच्या विरुद्ध गेला. फेअरफॅक्सला निकाल मुख्यतः त्यांच्या बाजूने लागला. कॅमेऱ्यामुळे निकाल फिरला असं मी म्हणत नाही. पक्षकार वेगळे, कायदा वेगळा, पुरावा वेगळा. माझा मुद्दा साधा आहे. लंडनचा निकाल का लागला हे कोणीही बसून वाचू शकतो. फेअरफॅक्सचा का लागला हे कोट्यवधी लोकांनी ‘बघूनही’ सांगता येत नाही, कारण ज्युरी कारणं देत नाही. पारदर्शकता कुठे जास्त होती?

न्यायाधीशावरचा दबाव कॅमेऱ्याने कमी होतो, यावर थोडक्यात: लाखो लोकांनी आधीच निकाल ठरवून ठेवला असताना त्याविरुद्ध निकाल द्यायला कॅमेरा बळ कसं देतो, हे कोणी समजावून सांगितलेलं नाही. अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सनवरच्या खुनाच्या फौजदारी खटल्यात जानेवारी ते ऑक्टोबर १९९५ कॅमेरा चालू होता, आणि वकिलांइतकेच न्यायाधीशही घराघरांत प्रसिद्ध झाले. पुढे त्याच प्रकरणाच्या दिवाणी दाव्यात दुसऱ्या न्यायाधीशांनी कॅमेरा दारातच अडवला.

‘सगळ्या पुढारलेल्या देशांत दाखवतात’ हे तर सरळ चूक आहे. अमेरिकेतल्या संघीय (राज्यांच्या नव्हे, केंद्राच्या) न्यायालयांत फौजदारी खटल्यांच्या चित्रीकरणाला १९४६ पासून मनाई आहे. बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटाचा खटला २०१५ मध्ये कोणीही टीव्हीवर पाहिला नाही. जर्मनीने १९६४ मध्ये सुनावणीच्या प्रक्षेपणाला कायद्याने बंदी घातली. फ्रान्सने १९८५ मध्ये इतिहासासाठी चित्रीकरणाची सोय केली, त्यातूनच नाझी अधिकारी क्लाउस बार्बीचा १९८७ चा खटला चित्रित झाला. पण तो संग्रहासाठी, रात्रीच्या बातम्यांसाठी नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली ती घटनात्मक आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकरणांसाठी, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुरुवात केली ती घटनापीठापासून. तिथे वकील कायद्यावर युक्तिवाद करतात, साक्षीला कोणी उभं राहत नाही. तिथे कॅमेरा जरूर असावा. मी स्वतः ते युक्तिवाद आवडीने बघतो.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण, जे फिरत्या मजकुरात कधीच नसतं. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या खुनाबद्दल डेरेक शॉविन या पोलिसावर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात खटला चालला. त्या राज्यात साक्षीपुराव्याचं प्रक्षेपण सहसा होत नसे. कोविडच्या साथीमुळे न्यायालयात माणसं बसवता येत नव्हती, म्हणून न्यायाधीशांनी परवानगी दिली. विरोध केला तो सरकारी पक्षाने. ज्युरीचे चेहरे दाखवले नाहीत, अल्पवयीन साक्षीदारांचेही नाहीत. खटला संयमाने चालला, आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं की सरतपासणी, उलटतपासणी, तज्ज्ञाची साक्ष म्हणजे काय. हे मी नाकारत नाही. कॅमेरा नसला म्हणजे तमाशा होत नाही, असंही नाही. चॅनेलच्या स्टुडिओत रोज संध्याकाळी जो खटला चालतो, त्याला न्यायालयातला कॅमेरा लागतच नाही.

पण शॉविन खटल्यात कॅमेरा आला तो बाक रिकामे ठेवावे लागले म्हणून, बाकांच्या बदली. खटला गाजला म्हणून नव्हे. फिरता मजकूर मागतो ते दुसरंच. त्यात प्रत्येक वेळी ‘गाजलेला’ हा शब्द असतो. न्यायाधीशावर नजर ठेवायची असेल तर ती तिथे हवी जिथे बाक खरोखर रिकामे असतात: जामिनाचे अर्ज दोन-दोन मिनिटांत निकाली निघतात तिथे, तारखेवर तारीख पडते तिथे, आरोपीला आपला वकील कोण हेही धड माहीत नसतं तिथे. गाजलेल्या खटल्यात पत्रकारांची रांग लागलेली असते. तिथे झाकलेलं फार काही राहत नाही. रिकाम्या बाकांच्या त्या खोलीतली रोजची नोंद, साक्षींची प्रत, निकालपत्र हे त्याच दिवशी, फुकट, कोणालाही वाचता येईल असं द्या, अशी मागणी करणारा मजकूर मला अजून एकदाही आलेला नाही. आला तर मी तो पुढे पाठवीन.